घन औषधे आणि किरणांची कसोटी : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

डोळ्यात घालायचे मलम, इंजेक्शनसाठी कुपीत भरलेली पूड, भाजलेल्या जखमेवर लावायची भुकटी आणि त्वचेखाली बसवायचे औषधी रोपण या चारही वस्तूंना एकच अट लागू होते : त्यांत जिवंत सूक्ष्मजीव असता कामा नये. तोंडाने घ्यायच्या गोळीला ही अट इतकी कडक नसते, कारण तिच्या वाटेवर जठरातले आम्ल असते, आतड्याचे अस्तर असते. शिरेत गेलेले औषध थेट रक्तात मिसळते. त्यामुळे औषधनिर्मितीत निर्जंतुकीकरणाला एका स्वतंत्र शास्त्राचे स्थान मिळाले आहे. घन औषधांच्या बाबतीत मात्र हे शास्त्र फार लवकर अडचणीत येते.

अडचण साधी आहे. 121 अंश सेल्सियसची दाबाखालची वाफ 15 मिनिटे दिली की बहुतेक द्रावणे निर्जंतुक होतात. पण पूड वाफेत भिजते आणि तिचा गोळा होतो. कोरड्या उष्णतेसाठी 160 अंशांवर दोन तास लागतात, आणि तेवढ्यात बरीच प्रतिजैविके, संप्रेरके करपून किंवा विघटन पावून निकामी होतात. द्रावण 0.22 मायक्रॉनच्या गाळणीतून काढून, निर्जंतुक खोलीतच वाळवून, तिथेच कुप्या भरता येतात, आणि जगभरचे कारखाने ते करतातही. पण त्या मार्गात गाळणीपासून बुचापर्यंत प्रत्येक पायरीवर दूषित होण्याची शक्यता उरतेच. राहिला इथिलीन ऑक्साइड वायू. तो स्फटिकाच्या पृष्ठभागावर काम करतो, आत अडकलेल्या जंतूपर्यंत त्याची पोच कमी, आणि मालात त्याचा अंश मागे उरतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1994 साली या वायूला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले.

किरणांनी निर्जंतुक करण्याचा विचार पुढे येतो तो इथे. औषध कुपीत भरायचे, बूच लावायचे, खोका चिकटवून बंद करायचा आणि तो बंद खोकाच गॅमा किरणांसमोरून न्यायचा. उष्णता जवळजवळ नाही, ओलावा नाही, मागे उरणारा वायू नाही, आणि नंतर कुपी उघडण्याची गरज नाही. किरण जंतूंना मारतात याबद्दल शंका राहिलेली नाही. प्रश्न दुसराच आहे : त्याच किरणांनी औषधाचे काय होते? या एका प्रश्नाभोवती गेल्या सहा-सात दशकांत जे अभ्यासक्षेत्र उभे राहिले, त्यात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या वाचकासाठी ही प्रस्तावना आहे. औषधनिर्माणशास्त्राचा विद्यार्थी, रसायनशास्त्रज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, कारखान्यातला गुणवत्ता-नियंत्रक, यांपैकी कोणीही असा, इथे तुम्हाला करण्याजोगे काम आहे.

आपल्यापासून फार दूर न जाता सुरुवात करू. 1974 साली मुंबईत ट्रॉम्बे येथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पुढाकाराने आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘आयसोमेड’ हा प्रकल्प सुरू झाला. वैद्यकीय वस्तू किरणांनी निर्जंतुक करणारा हा देशातला पहिला व्यापारी प्रकल्प. टाके घालायचा दोरा, हातमोजे, पट्ट्या, सिरिंजा आणि सुईणींसाठी बाळंतपणाचे संच हा त्याचा मुख्य माल. पण औषधांचा प्रश्नही तिथल्या शास्त्रज्ञांनी सुरुवातीपासून हाती घेतला. एन. जी. एस. गोपाल यांनी 1978 साली औषधे आणि बहुवारिके यांच्या किरण-निर्जंतुकीकरणाचा घेतलेला विस्तृत आढावा आजही या विषयाच्या अभ्यासकाला वाचावा लागतो. परदेशात या तंत्राची सुरुवात 1950 च्या दशकात टाक्यांच्या दोऱ्यापासून झाली आणि 1960 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे गॅमा प्रकल्प उभा राहिला. म्हणजे वस्तू पुढे गेल्या आणि औषधे त्यांच्या मागून आली. याचे कारण उघड आहे. प्लॅस्टिकच्या सिरिंजमधला हजारातला एक रेणू मोडला तर सिरिंजचे काम अडत नाही. औषधाच्या बाबतीत त्या एका रेणूचे काय झाले, हे विचारावेच लागते.

गॅमा प्रकल्पात किरणांचा स्रोत असतो कोबाल्ट-60. त्याचा अर्धायुष्यकाल 5.27 वर्षे. विघटन होताना त्याच्या प्रत्येक अणूतून 1.17 आणि 1.33 मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे दोन फोटॉन बाहेर पडतात. दुसरा मार्ग विद्युत्-त्वरकातून येणाऱ्या इलेक्ट्रॉन शलाकेचा. त्या शलाकेची ऊर्जा साधारण 10 मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंतच ठेवतात. या दोन्ही मार्गांनी औषध किरणोत्सारी होत नाही, कारण अणुकेंद्राला हात लावायला ही ऊर्जा पुरत नाही. ‘किरण दिलेले औषध’ म्हटले की सामान्य माणूस दचकतो, म्हणून हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगितले पाहिजे. अणुकेंद्र जसेच्या तसे राहते. जे काही घडते ते इलेक्ट्रॉनांच्या पातळीवर, म्हणजे रासायनिक बंधांमध्ये घडते.

आता थोडा हिशेब. हा हिशेब या विषयाचा कणा आहे, तेव्हा वाचकाने तो कागदावर स्वतः मांडून पाहावा. किरणमात्रेचे एकक ग्रे. एक ग्रे म्हणजे दर किलोग्रॅममागे एक जूल शोषलेली ऊर्जा. जुन्या निबंधांत मेगारॅड दिसले तर दहाने गुणून किलोग्रे करायचे. निर्जंतुकीकरणाची रूढ मात्रा 25 किलोग्रे, म्हणजे किलोमागे 25 हजार जूल. एवढ्या ऊर्जेने एक किलो पाणी तापवले तर तापमान जेमतेम सहा अंशांनी वाढेल. उष्णता म्हणून ही ऊर्जा अगदी किरकोळ आहे. पण ती सगळीकडे सारखी पसरून येत नाही. काही थोड्या ठिकाणी, एकवटून येते, आणि जिथे येते तिथे बंध तुटतो. कार्बन-कार्बन बंध तोडायला तीन-चार इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. येणाऱ्या फोटॉनाकडे दहा लाखांहून अधिक असतात.

शोषलेल्या दर 100 इलेक्ट्रॉन-व्होल्टमागे किती रेणू बदलले, या संख्येला या क्षेत्रात ‘जी-मूल्य’ म्हणतात. समजा एखाद्या घन औषधाचे जी-मूल्य 1 आहे आणि रेणुभार 400 आहे. 25 किलोग्रेच्या मात्रेत त्याच्या दर किलोमागे सुमारे 2.6 मिलिमोल रेणू मोडतील, आणि एका किलोत असे रेणू एकूण अडीच मोल असतात. म्हणजे हजारात एक, टक्केवारीत 0.1. तीच मात्रा, तेच जी-मूल्य, पण रेणू इन्सुलिनचा घेतला, ज्याचा रेणुभार सुमारे 5,800 आहे, तर दीड टक्का रेणूंना इजा होते. दीड लाख रेणुभाराच्या प्रतिपिंडाला हाच हिशेब लावला तर जवळपास तिसरा हिस्सा जायबंदी होतो. आणि ई. कोलाय जंतूच्या गुणसूत्राला लावला, ज्यात सुमारे 46 लाख बेस-जोड्या आहेत आणि ज्याचा रेणुभार तीन अब्जांच्या घरात जातो, तर एकेका गुणसूत्रावर सुमारे सात हजार घाव बसतात.

शेतावर गारपीट झाली की ज्वारीचा एखादा दाणा सहज वाचतो, पण शेतात घातलेला मांडव वाचत नाही. गारा दोघांवर सारख्याच पडतात. फरक क्षेत्रफळाचा असतो. किरणांनी औषध शाबूत ठेवून जंतू मारता येतात याचे मूळ कारण एवढेच आहे. डग्लस ली यांनी 1946 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सजीवांवरील किरण-परिणामांचा हा ‘लक्ष्य-सिद्धान्त’ सविस्तर मांडला आहे. जंतूंमध्येही सोशिकपणाचे प्रमाण एकसारखे नसते. किरण-निर्जंतुकीकरणाची कसोटी म्हणून वापरल्या जाणाऱ्या बॅसिलस प्युमिलसच्या बीजाणूंची संख्या एक दशांशावर आणायला सुमारे 1.7 किलोग्रे लागतात, तर ई. कोलायला याच्या काही अंशानेच काम भागते. 1956 साली अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये किरण दिलेल्या डबाबंद मांसात सापडलेला डायनोकॉकस रेडिओड्युरन्स आपले तुटलेले डीएनए पुन्हा जोडून घेतो आणि त्यामुळे पुष्कळ टिकतो. विषाणू लहान, म्हणून त्यांच्यावर बसणारे घावही कमी. लक्ष्य-सिद्धान्ताने हेही उलगडते.

घन अवस्थेवर मी इतका भर का देतो आहे, हे आता सांगतो. पाण्यातल्या औषधाची कथा वेगळी असते. तिथे किरणांची बहुतेक सगळी ऊर्जा पाणीच शोषते. पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक आणि जलवेष्टित इलेक्ट्रॉन तयार होतात, दोन्ही अतिशय आक्रमक असतात, आणि द्रावणात फिरत फिरत ते औषधाच्या रेणूला गाठतात. औषध विरळ असेल तर 25 किलोग्रेमध्ये त्याचा बराचसा भाग नष्ट होऊ शकतो. कोरड्या पुडीत हे मध्यस्थ नसतात. ऊर्जा जिथे पडली तिथेच इजा होते, आणि तुटलेला तुकडा स्फटिकाच्या जाळीत अडकून राहतो. कित्येकदा तो शेजारच्याच तुकड्याशी पुन्हा जुळतो आणि रेणू पूर्ववत होतो. त्यामुळे द्रावणात टाकाऊ ठरलेले औषध पुडीच्या रूपात उत्तम ठरू शकते. पण पुडीतला ओलावा, स्फटिकातले पाणी, दळताना झालेली अस्फटिक धूळ, कुपीतला ऑक्सिजन, यांतल्या प्रत्येक गोष्टीने हा हिशेब बदलतो. एकाच औषधाच्या दोन स्फटिकरूपांचे वर्तनही सारखे असेलच असे नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण कोलीन क्लोराइडचे. कोलीन हे शरीराला लागणारे साधे, छोटे संयुग. 1950 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या संशोधकांना दिसले की कार्बन-14 ने अंकित केलेले त्याचे स्फटिक नुसते साठवून ठेवले तरी स्वतःच्याच किरणोत्साराने झपाट्याने नासतात. मोजणी झाली तेव्हा त्याचे जी-मूल्य शेकड्यांत आणि त्याहूनही पुढे गेलेले आढळले. एक बंध तुटला की स्फटिकातून साखळी-अभिक्रिया धावत जाते आणि ट्रायमिथिलअमाइनचा क्षार व ॲसिटाल्डिहाइड मागे उरतात. आश्चर्य असे की हेच कोलीन क्लोराइड पाण्यात विरघळवले तर त्याचा हा दुबळेपणा जातो. त्याहून मोठे आश्चर्य म्हणजे तेच स्फटिक 80 अंशांच्या आसपास तापवून त्याची मांडणी बदलली की घन अवस्थेतही तो जातो. रेणू तोच आहे, फक्त रांगेतली जागा बदलली. मी या विषयाचे पहिले व्याख्यान नेहमी याच उदाहरणाने सुरू करतो, कारण ‘घन अवस्था सुरक्षित’ हा नियम पाठ करून बसणाऱ्याला ते वेळीच सावध करते. सूत्र पाहून सांगता येत नाही. तो विशिष्ट घन पदार्थ किरणांखाली ठेवूनच विचारावे लागते.

तरीही काही अंदाज बांधता येतात. बेंझिनसारखी सुगंधी वलये आलेली ऊर्जा वाटून घेतात आणि रेणूला सांभाळतात. कार्बन-हॅलोजन बंध कमजोर असतो आणि लवकर सुटतो. कॉर्टिकोस्टेरॉइडांमध्ये 17 व्या कार्बनवरची बाजूची शाखा गळून पडते आणि 11 व्या कार्बनवरच्या अल्कोहोलचे कीटोन होते. हे एकाच वेळी अनेक स्टेरॉइडांत दिसल्यामुळे त्या कुळाविषयी थोड्या विश्वासाने बोलता येते. डोळ्याच्या मलमांत वापरल्या जाणाऱ्या क्लोरॅम्फेनिकॉलमध्ये नायट्रोबेंझाल्डिहाइडसारखी उत्पादने मिळतात. अशा प्रसंगी पुढचा प्रश्न येतो : हे उत्पादन त्या औषधाच्या साध्या साठवणीतही, ओलाव्याने वा उजेडाने तयार होतेच का? होत असेल तर त्याची विषबाधा-तपासणी बहुधा आधीच झालेली असते आणि काम सोपे होते. केवळ किरणांनीच होणारे, आजवर न पाहिलेले संयुग असेल, तर काम खरे तिथून सुरू होते.

या अभ्यासक्षेत्राविषयी मला जे एक ठामपणे सांगायचे आहे ते असे. ‘औषध किती उरले’ हा प्रश्न दुय्यम आहे. ‘नवे काय झाले’ हा मुख्य. वर काढलेला आकडा पुन्हा आठवा : 0.1 टक्का. औषधाचे प्रमाण मोजणाऱ्या नेहमीच्या परीक्षणाची स्वतःची अनिश्चितताच साधारण एक टक्क्याच्या आसपास असते. किरण देण्याआधी 99.8 आणि दिल्यानंतर 99.6 असे आकडे लिहून ‘औषध स्थिर आहे’ असा निष्कर्ष काढणारे निबंध मी पुष्कळ वाचले आहेत. त्या आकड्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. औषधद्रव्यांतील अशुद्धींविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रोजची मात्रा दोन ग्रॅमपर्यंत असलेल्या औषधात एखादी अशुद्धी 0.10 टक्के किंवा दिवसाला 1 मिलिग्रॅम, यांतली जी मर्यादा लहान असेल तिच्यापुढे गेली, तर ती कोण आहे हे ओळखावे लागते. जनुकांना इजा करू शकणाऱ्या अशुद्धीची आयुष्यभराच्या सेवनासाठीची मर्यादा तर दिवसाला 1.5 मायक्रोग्रॅम आहे. किरणांनी होणारी मोडतोड नेमकी या उंबरठ्यावर येऊन थांबते. म्हणून इथे मोठ्या शिल्लकीकडे पाहून समाधान मानता येत नाही. तळाशी साचलेला तो हजारावा रेणू शोधावा लागतो.

तो शोधायला एक यंत्र कधीच पुरत नाही. उच्चदाब द्रव वर्णलेखन, म्हणजे प्रयोगशाळेतले सर्वांचे ओळखीचे एचपीएलसी, सर्वांत उपयोगी. त्याला वस्तुमान-वर्णपटमापक जोडला की नव्या शिखराची ओळख पटते. पण पूड एचपीएलसीसाठी विरघळवली की तिच्यात अडकलेले मुक्त मूलक त्याच क्षणी संपतात, आणि घन अवस्थेत काय होते याची साक्ष पुसली जाते. ती साक्ष घेण्यासाठी इलेक्ट्रॉन अनुचुंबकीय अनुस्पंदन, ज्याला सगळे ईपीआर म्हणतात, ते लागते. जोडी न जुळलेला इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात सूक्ष्मलहरी शोषतो, आणि त्यावरून पुडीत किती मूलक आहेत आणि किती जातींचे आहेत हे कळते. त्यांचा ऱ्हास कधी काही दिवसांत होतो, कधी महिनोन् महिने रेंगाळतो. ॲलॅनीन या अमिनो आम्लातले मूलक इतके टिकतात की त्याच्या छोट्या गोळ्या किरणमात्रा मोजण्यासाठी जगभर वापरल्या जातात. जे औषधात दोष म्हणून मोजतो, तेच इथे मोजपट्टीचे काम करते.

उष्णतेच्या अंगाने शोध घेतो तो डीएससी, म्हणजे विभेदी क्रमवीक्षण उष्णतामापन. अशुद्धी थोडी जरी मिसळली तरी द्रवणांक खाली उतरतो आणि वितळण्याचे शिखर रुंदावते. पोलंडमध्ये पोझनान येथील वैद्यकीय विद्यापीठात बार्बारा मार्चिनिएत्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईपीआर आणि डीएससी ही दोन्ही साधने घेऊन रक्तदाबावरच्या डायहायड्रोपायरिडीन कुळातील औषधांसह अनेक घन औषधांची वर्षानुवर्षे चिकाटीने तपासणी केली. एका कुळातली बरीच औषधे, सारख्याच मात्रा आणि सारखीच साधने. या शिस्तीमुळे त्यांच्या निष्कर्षांची एकमेकांशी तुलना करता येते, आणि या क्षेत्रात ती गोष्ट दुर्मीळ आहे. ट्रॉम्बेच्या संशोधकांनी 2004 साली सायक्लोफॉस्फामाइड आणि डॉक्सोरुबिसिन या कर्करोगावरील दोन औषधांची पुडीच्या रूपात परीक्षा केली. डॉक्सोरुबिसिन बऱ्यापैकी निश्चल राहिले. सायक्लोफॉस्फामाइडमध्ये किरणांनी झालेल्या अशुद्धी वेगळ्या काढून मोजाव्या लागल्या. दोन्ही औषधे एकाच आजारावरची, दोन्ही पुड्याच, आणि उत्तरे दोन.

डोळा आणि नाक ही साधनेही कमी लेखू नयेत. शुभ्र पूड पिवळी पडणे ही किरणांची फार सामान्य खूण आहे. ती नेहमीच घातक नसते. मिठाच्या स्फटिकालाही किरणांनी पिवळट-तपकिरी रंग येतो आणि पाण्यात टाकताच तो जातो. वास मात्र गंभीरपणे घ्यावा. गंधकयुक्त प्रतिजैविकांच्या कुपीचे बूच उघडताच येणारा उग्र दर्प हा वर्णलेखाला न दिसलेल्या, पण माणसाला लगेच जाणवणाऱ्या बाष्पशील तुकड्यांचा असतो, आणि त्यासाठी कुपीतल्या हवेचे वायू-वर्णलेखन करावे लागते. शिवाय औषध एकटे नसते. त्याच्याबरोबरचे लॅक्टोज, सेल्युलोज, स्टार्च यांच्यातही मूलक होतात, सेल्युलोजच्या साखळ्या तुटतात आणि रोपणातून औषध झिरपण्याचा वेग बदलू शकतो. काचेची कुपी तपकिरी होते, पॉलिप्रॉपिलीन ठिसूळ होते. औषध पास झाले आणि वेष्टन नापास झाले, असे प्रकार उद्योगात नवे नाहीत.

प्रयोगाच्या आखणीविषयी थोडे व्यावहारिक. 25 किलोग्रे हा आकडा पवित्र मानू नये. लाखांत दहा, म्हणजे दहा हजारांत एक, इतक्या वस्तूंत जंतू राहण्याची शक्यता या कामात फार मोठी समजतात. निर्जंतुकतेची मान्य पातळी दहा लाखांत एक अशी आहे, आणि तिथे पोचायला किती मात्रा लागेल हे आधी मालावर किती जंतू होते यावर ठरते. आयएसओ 11137 या मानकात, माल पुरेसा स्वच्छ असल्याचे सिद्ध केल्यास 15 किलोग्रेसारखी कमी मात्रा ठरवण्याच्या रीती दिल्या आहेत. नाजूक औषधाला वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ते मुळात स्वच्छ बनवणे. दुसरीकडे, खोक्याच्या आतल्या कोपऱ्याला 25 मिळावेत म्हणून बाहेरच्या थराला त्याहून बरेच अधिक मिळतात, तेव्हा परीक्षा 50 किलोग्रेपर्यंत तरी झालीच पाहिजे. 100 आणि त्यापुढच्या मात्रा उत्पादने ठळक व्हावीत, ओळखता यावीत म्हणून द्यायच्या. त्यांवरून औषध नापास ठरवायचे नसते. गॅमा प्रकल्पात ही मात्रा काही तासांत पडते, इलेक्ट्रॉन शलाकेत काही सेकंदांत. संथ मात्रेत ऑक्सिजनला आत झिरपायला वेळ मिळतो, म्हणून एका मार्गाचा निष्कर्ष दुसऱ्याला आंधळेपणाने लावता येत नाही. शलाका पुडीत किती खोल जाते हेही पाहावे लागते. जाड खोक्याच्या मध्यापर्यंत ती पोचेलच असे नाही.

आणि काळ. किरण दिल्याच्या दुसऱ्या दिवशी केलेली तपासणी ही फक्त सुरुवात. जाळीत अडकलेले मूलक हळूहळू प्राणवायूशी संयोग पावतात, आणि सहा महिन्यांनी कुपीत जे असते ते पहिल्या दिवशी नव्हते. 40 अंश तापमान आणि 75 टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवलेले नमुने, त्यांच्या शेजारी किरण न दिलेले पण बाकी सारा प्रवास सोबत केलेले नमुने, अशी जोडी शेवटपर्यंत सांभाळावी. किरण न दिलेला नमुना प्रयोगशाळेच्या शीतकपाटात आणि किरण दिलेला ट्रकमधून उन्हात फिरून आलेला, अशी तुलना व्यर्थ आहे.

किरणांच्या मर्यादाही सांगून ठेवतो. जंतू मेले तरी त्यांच्या पेशीभित्तिकेतले अंतर्विष उरते आणि शिरेत गेल्यास ताप आणते. घाणेरडा माल किरणांनी शुद्ध होत नाही. प्रायॉनांवर या मात्रांचा भरवसा धरता येत नाही. आयुर्वेदिक चूर्णे आणि मसाले यांच्यावर वाशीच्या प्रकल्पात किरणप्रक्रिया होते, पण तिचा हेतू जंतुभार कमी करण्याचा असतो. तिची आणि इंजेक्शनच्या पुडीच्या निर्जंतुकीकरणाची गल्लत करू नये.

नियामक संस्था या प्रश्नाकडे सावधपणे पाहतात आणि त्यांचे बरोबर आहे. अमेरिकेच्या नियमांत किरणांनी निर्जंतुक केलेले औषध नवे औषध समजले जाते. युरोपात औषधनिर्मितीतील किरणांच्या वापराविषयी 1991 पासून स्वतंत्र मार्गदर्शन आहे. प्रत्येक औषधाने, प्रत्येक रूपात, आपली परीक्षा स्वतः द्यायची असा त्याचा अर्थ. काहींना हे जाचक वाटते. कोलीन क्लोराइडची हकीकत माहीत असलेल्याला तसे वाटू नये.

या क्षेत्रात येणाऱ्याला रसायन, भौतिकी, सूक्ष्मजीवशास्त्र आणि विषशास्त्र या चार दारांतून ये-जा करावी लागते, आणि एकाच माणसाला चारही येत नाहीत. म्हणून एकट्याने काम करू नका. प्रकल्पाचा अभियंता, ईपीआर चालवणारा भौतिकशास्त्रज्ञ आणि जंतू मोजणारी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ यांना पहिल्या दिवसापासून एकत्र बसवा. मात्रा स्वतः मोजून घ्या. कागदावर लिहून आलेल्या मात्रेवर निबंध लिहू नका. ओलावा, स्फटिकरूप आणि कुपीतला वायू यांची नोंद न केलेला निष्कर्ष दुसऱ्या कोणाच्याही उपयोगाचा नसतो.

शेवटी एक विनंती. किरणांत टिकलेल्या औषधांविषयी निबंध छापले जातात. न टिकलेली औषधे वह्यांत राहतात, आणि मग दुसऱ्या शहरातला विद्यार्थी तेच औषध घेऊन तोच अनुभव पुन्हा घेतो. तुमच्या प्रयोगशाळेत जे औषध नापास होईल, त्याची मात्रा, ओलावा, स्फटिकरूप आणि निघालेली उत्पादने यांसह सविस्तर नोंद प्रसिद्ध करा. पुढच्या अभ्यासकाला तिचा उपयोग यशस्वी ठरलेल्या औषधांच्या यादीपेक्षा अधिक होईल.